पाळण्याची दोरी

या मंडळी, जवळ सरका. रामजन्माची एक गोष्ट सांगतो.

पाळण्याची दोरी कोणी ओढायची, यावरून एका राममंदिरात दरवर्षी भांडणं व्हायची. एके वर्षी देवळाच्या कचेरीतली हेमलता म्हणाली, "प्रत्येक भाविकाला संगणकातून रँडम आकडा देऊ. ज्याचा निघेल, त्याचा मान."

"घोटाळा झाला तर उद्यापासून येऊ नकोस, बाई," विश्वस्त बळवंतराव म्हणाले.

तिने संगणकातल्या यादीला हुकूम देणारी एसक्यूएलची एक ओळ लिहिली: प्रत्येक नावापुढे रँडम आकडा घाल. डेटाबेसने आकडा एकदाच काढला आणि सगळ्यांपुढे तोच घातला. घाईत तिने न बघताच चिठ्ठ्या डिंकाने बंद करून वाटल्या आणि प्रत्येकीची जोडचिठ्ठी सोडतीच्या हंड्यात टाकली.

दुपारी, जन्माच्या ऐन वेळी, बुवांनी कीर्तन थांबवून हंड्यातली एक चिठ्ठी उघडली. "चारशे सात!" लोकांनी आपापल्या चिठ्ठ्या फोडल्या आणि अख्खा मंडप उभा राहिला.

"बुवा, हे काय?" बळवंतराव कडाडले.

"आकडा बरोबर आहे," बुवा शांतपणे म्हणाले. "दोरी तेवढी आखूड पडतेय."

मग विहिरीचा दोर आणून पाळण्याला बांधला. तो मंडपाबाहेर पार रस्त्यापर्यंत गेला, तेव्हा कुठे प्रत्येकाचा हात लागला. शेवटाला उन्हात उभे राहून ओढता ओढता बळवंतराव म्हणाले, "उद्या वेळेवर ये गं."

हेमलता मान डोलावून बाजूलाच उभी राहिली. यादीत तिने स्वतःचं नाव घातलंच नव्हतं. तेव्हा मंडळी, पाळण्याला हात लावाल, तेव्हा एक झोका तिच्या नावाचा द्या.