डाव्या बाजूचे गुण

समजा, तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि तुमच्या हातात एक वही आहे. त्या वहीत तुम्ही जे लिहाल, ते घरातल्या मोठ्यांनाही मानावं लागणार आहे. कसं वाटेल? उत्तनच्या फ्लेव्हियाला त्या दिवशी अगदी तसंच वाटत होतं.

तिच्या दादाने, नेल्सनने, नवे इन-इयर मॉनिटर, म्हणजे गायक-वादक कानात घालतात तसले इयरफोन, आणले होते. फार महाग नाहीत, अगदी स्वस्तही नाहीत. वायर कानामागून फिरवायची, रबरी टोक कानात घट्ट बसवायचं, की गाण्यातला एकेक आवाज सुटा ऐकू येतो, असं तो सांगत होता. दहा दिवसांत परत करता येणार होते आणि आज नववा दिवस होता. म्हणून त्याने ठरवलं की घरातल्या प्रत्येकाने एकच गाणं ऐकायचं आणि गुण द्यायचे.

फ्लेव्हिया शाळेत वर्गाची मॉनिटर होती, म्हणून गुणांची वही तिच्याकडे आली. मॉनिटरची परीक्षा मॉनिटरच घेणार, असं म्हणून पापांनी न ऐकताच दहापैकी दहा दिले. फ्लेव्हियाने ते गुण खोडले आणि त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं.

मग पॅट्रिशिया मावशीची पाळी आली. खरं तर गाणं तिचंच होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत विहिरीवर पाणी आणायला जातात, तेव्हा पहिली ओळ मावशी म्हणायची आणि बाकीच्या ती झेलायच्या. मागच्या वर्षी नेल्सनने ते फोनवर घेतलं होतं. आता शनिवारी गल्लीतल्या स्टेफनीचं पाणी होतं. त्याचीच गाणी ठरवायला शेजारच्या दोघी आल्या होत्या आणि चहा पीत बसल्या होत्या.

मावशीने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, आवाज झकास, पण डावा बंद हाय.

नेल्सनचा चेहरा पडला. फ्लेव्हियाने डावा स्वतःच्या कानात घालून पाहिला. छान वाजत होता. तिने मावशीच्या कानातले दोन्ही बदलले, उजवा डावीकडे, डावा उजवीकडे. मावशी म्हणाली, अजून डावाच बंद. आणि हे बोलताबोलता तिने जीभ चावली.

"आता चालतात," ती घाईने म्हणाली. "दोन्ही चालतात. दहा लिही."

इथेच फ्लेव्हियाने दहा लिहायला हवे होते. पण ती मॉनिटर होती. वर्गात कोण बोललं हे तिने कधी अंदाजाने फळ्यावर लिहिलं नव्हतं. आवाज एकाच बाजूला सरकवायची सोय फोनमध्ये असते, ती नेल्सनने तिला शिकवली होती. तिने सगळा आवाज मावशीच्या डाव्या कानाकडे सरकवला आणि खुणेनेच विचारलं, कसं?

"मस्त," मावशी म्हणाली, आणि मांडीवर ताल धरला.

फ्लेव्हियाने हळूच गाणं थांबवलं. मावशी मान डोलवत राहिली. बोटं तालात मांडीवर पडत होती. शेजारच्या दोघी हसून तिच्याकडे बघत होत्या.

"फ्लेव्ही, बस झालं," नेल्सन म्हणाला. त्याला कळलं होतं. पण तोवर तिने मावशीच्या उजव्या कानातलं काढलं होतं.

"मावशी, गाणं मी केव्हाच बंद केलंय. मॉनिटर चांगलेत. तुझाच डावा कान ऐकत नाही."

मावशीची बोटं थांबली. तिने दुसऱ्या कानातलंही काढलं, वायर नीट गुंडाळली आणि नेल्सनच्या हातात दिली.

"दोन वर्षं झाली," ती हसत म्हणाली. "बँड उजवीकडे ठेवायचे न् गायचे. कोनाला कललं न्हाय."

दोघींपैकी थोरली फार गोड बोलली. म्हणाली, पॅट्रिशिया, तू किती वर्षं दमलीस, या खेपेला आराम कर. बँडच्या आवाजात कुठे चुकलं तर उगाच लोक बोलतील. पहिली ओळ आम्ही म्हणू. मावशी हो म्हणाली. लगेच म्हणाली. मग चहाचे कप उचलून आत गेली आणि बराच वेळ ते धूत राहिली.

नेल्सनने मॉनिटर ठेवून घेतले. वहीत कोणी पुढे काही लिहिलं नाही.

शनिवारी संध्याकाळी बँड निघाला. पहिली ओळ दुसऱ्याच बाईने म्हटली. ती काही वाईट गात नव्हती. बायका विहिरीकडे वळल्या तेव्हा मावशी सगळ्यांच्या मागे होती. अंगावर ठेवणीतलं लाल लुगडं, केसांत फुलं, आणि तोंड मिटलेलं.

फ्लेव्हिया मैत्रिणींचे हात सोडून मागे धावली आणि मावशीच्या बाजूने चालू लागली. डाव्या बाजूने.

"मावशी, माझं चुकलं," ती म्हणाली.

मावशी समोर बघत चालत राहिली. तिला ऐकूच गेलं नव्हतं. फ्लेव्हियाला वाटलं, झालं, माफी मागून झाली. चार पावलं ती तशीच चालली.

मग ती मागून वळसा घालून उजव्या बाजूला आली आणि तेच पुन्हा म्हणाली, बँडपेक्षा मोठ्याने.