मापाचा पाय

कुंदाताईंनी नवऱ्यासाठी, अण्णांसाठी, विणलेला दुसरा मोजा सुयांवरून उतरवून पहिल्याशेजारी ठेवला. पहिला विणताना फोनवर नणंद होती. टाके इतके आवळले गेले की त्यात अण्णांचा अंगठाच कसाबसा शिरला. दुसरा विणताना फोनवर माहेर होतं. तो ऐसपैस झाला.

"हा मोजा आहे की उशीचा अभ्रा?" अण्णा खो खो हसत उठले.

"आता एक टाका उसवणार नाही!" कुंदाताई कडाडल्या.

हसण्याच्या नादात अण्णांचा पाय लोकरीत अडकला आणि ते धाडकन आपटले.

संध्याकाळी ते पायाला प्लास्टर घालून परतले. उघडी बोटं गारठली होती. कुंदाताईंनी तो अभ्रा प्लास्टरवर चढवला. बरोब्बर बसला.

"विणकाम बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "तुमचा पायच मापाचा नव्हता."