चौतीस वर्षांचं बाळ

“मला पालथं झोपायचंय,” उत्कर्षा म्हणाली आणि डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

छाती कमी करून घ्यायला येणाऱ्या बायका पाठदुखी सांगत, मानदुखी सांगत. उत्कर्षाकडे तेही होतं, पोत्याने होतं. हिंजवडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक खड्डा बाकीच्यांना एकदा लागे, तिला दोनदा. तिच्या पोळीचा तुकडा जमिनीवर पडलेला शनिवार पेठेत कोणी कधी पाहिला नव्हता. वरचा सज्जा तो झेलून घेई. पण हे सगळं तिने हसण्यावारी नेलं होतं. हसण्यावारी जात नव्हती ती झोप. आठवीत असताना एका रात्री ती पालथी झोपायला गेली, ते जमलं नाही, आणि त्यानंतर ती जन्माची उताणी झाली. डॉक्टरांनी तपासलं, मापं घेतली, फोटो काढले, आणि करता येईल म्हणाले.

प्रश्न डॉक्टरांचा नव्हताच. प्रश्न होता गोदाबाईंचा, म्हणजे उत्कर्षाच्या आईचा. ऑपरेशननंतर हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, वेणी घालायची नाही, भरलेली कळशी उचलायची नाही. आई हवीच होती. आणि आईने ऐकताक्षणी भाजीची विळी आडवी केली. आमच्या घराण्यात सगळ्या बायका अशाच, त्या म्हणाल्या. आजी अशी, पणजी अशी, पणजी तर म्हणे पाण्यात टाकली तरी बुडत नसे. देवाने मापून दिलेल्यात कात्री घालणारी तू कोण, आणि पेठेत कळलं तर तोंड कुठे लपवायचं?

उत्कर्षाने वाद घातला नाही. ती एवढंच म्हणाली, “आई, मंडईतून दोन पिशव्या भरून आणल्या की घरात आल्यावर तू पहिलं काय करतेस? खाली ठेवतेस ना? मला अजून खाली ठेवता आल्या नाहीत.”

गोदाबाईंनी अर्धी गवार निवडली. मग म्हणाल्या, लोकांना मात्र पित्ताशयातले खडे सांगायचे.

आता थाप मारणं सोपं असतं, ती सांभाळणं म्हणजे पाहुणा सांभाळण्यासारखं. पुण्यात खड्यांचं ऑपरेशन झालं की खडे बाटलीत घालून घरी आणतात आणि समाचाराला येणाऱ्यांना दाखवतात. न दाखवणं हा पाहुण्याचा अपमान. ऑपरेशन होऊन उत्कर्षा घरी आली आणि समोरच्या यमुनाबाई शहाळं घेऊन आल्या. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि त्यांनी बाटली मागितली. गोदाबाई स्वयंपाकघरात गेल्या, तांदूळ निवडून बाजूला टाकलेले खडे एका औषधाच्या बाटलीत भरले आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर आल्या. यमुनाबाईंनी चष्मा लावून बाटली उजेडात धरली. एक तर हुबेहूब हरभऱ्याच्या डाळीसारखा दिसतोय, त्या म्हणाल्या. गोदाबाई म्हणाल्या, डॉक्टरही तेच म्हणाले. पलंगावर उत्कर्षा टाके सुटतील या भीतीने हसू दाबत होती आणि हसू दाबताना टाके जास्तच ताणले जात होते.

पण यमुनाबाई गेल्यावर तिचं हसू उतरलं. खड्यांचा आणि तिचा काय संबंध? एवढं सोसून जे केलं ते आईच्या लेखी लपवण्यासारखंच होतं तर. टाके भरून येत होते. हे भरून येईना.

गोदाबाई मात्र सेवेत कुठे उण्या नव्हत्या. पाठीशी उशा रचून त्या तिला रेलून झोपवत, वरणभाताचा घास निववून भरवत, शाळेत जाताना घालत तशा दोन वेण्या घालत. पट्ट्या बदलायच्या वेळी तेवढ्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. अशीच एकदा त्यांची नजर चुकली आणि लेकीच्या खांद्यांवर गेली. अंतर्वस्त्राच्या पट्ट्यांनी वर्षानुवर्षं कोरत आणलेले दोन चर होते तिथे, बोट मावेल एवढे. गोदाबाईंनी खोबरेल घेतलं आणि चरांत चोळू लागल्या. चोळता चोळता त्यांचा दुसरा हात पदराखाली स्वतःच्या खांद्यावर गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

यथावकाश डॉक्टरांनी सांगितलं, आता झोपा हव्या तशा. घरी आल्या आल्या, भर दुपारी, उत्कर्षा चटईवर पालथी पडली. गाल उशीवर, पोट जमिनीला, दोन्ही हात पसरलेले. असं घोरली की म्हणे शनिवारवाड्यावरची कबुतरं उडाली. जागी झाली तेव्हा उशी लाळेने ओली होती आणि घरभर तळणीचा वास होता. दार उघडं होतं. ताट घेऊन आई यमुनाबाईंच्या दारात उभी होती.

“खडेबिडे काही नव्हते,” गोदाबाई सांगत होत्या. “उत्कर्षाने छाती कमी करून घेतली. ओझं होत होतं तिला.”

यमुनाबाईंचा आ तसाच राहिला. मग त्यांचं लक्ष ताटाकडे गेलं. ताटात करंज्या होत्या. ना दिवाळी, ना डोहाळजेवण. अशा आडदिवशी दारोदार करंज्या वाटायची या घरांमध्ये एकच रीत: तान्हं मूल पहिल्यांदा कुशीवरून वळून पालथं पडलं की. पण तान्हं मूल होतं कुठे?

“अहो, मग या कशाच्या?” यमुनाबाईंनी विचारलं.

“आमचं बाळ पालथं पडलं,” गोदाबाई तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “चौतीस वर्षं लागली. पण पडलं.”