भिंतीवर फेकलेला पूल

पूल वर झकास जात होता, पण खाली येताना धाडकन आपटत होता.

"मागचं वजन कमी पडतंय," लिफ्टवाला म्हणाला. दिवसभर इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला खेळण्यातल्या ठोकळ्यांचा पूल म्हणजे डाव्या हातचा मळ. त्याने दोरीच्या टोकाला आणखी ठोकळे अडकवले.

समोर दाजी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे नवरे, मांडी घालून आपल्या छंदाच्या, खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ जोडत होते. उजव्या हाताच्या बोटांना पट्टी होती. लिफ्टवाल्याची नजर सारखी तिथेच जात होती.

खरं तर तो पुलासाठी आलाच नव्हता. ताईच्या शेजारणीने त्याला जिन्यात गाठून सांगितलं होतं, या घरात हात उचलला जातो, भिंतीपलीकडे ऐकवत नाही. त्याने ताईला फोन केला तर ती म्हणाली, आमचं आम्ही बघून घेऊ. आईच्या माघारी याच ताईने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. आज तिला घेऊनच जायचं, असं ठरवून तो आला होता. ताई नेमकी भाजीला गेली होती.

"आधीचा पूल चांगला होता की. मोडला कसा?"

"फेकला. भिंतीवर."

"आणि बोटं?"

"तेव्हाच." दाजींनी मान वर केली नाही. "राग आला की भान राहत नाही रे."

म्हणजे कबूलच. तेही असं, हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखं. लिफ्टवाल्याचं डोकं सणकलं. त्याने कॉलर धरून दाजींना उभं केलं आणि जबड्यावर ठोसा हाणला. दाजी पुलावरच कोसळले. ठोकळे कडाकड तुटले, नाकातून रक्ताची धार लागली. त्याने बरगड्यांत लाथा घातल्या. दाजी गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिले. उलटा हात नाही की तोंडातून हूं नाही. त्या निगरगट्टपणाने तो आणखीच पेटला. केस धरून त्याने त्यांचं डोकं फरशीवर आपटलं.

"ताईला घेऊन चाललोय मी," तो धापा टाकत म्हणाला. "परत तिला तोंड दाखवलंस तर हाडं खिळखिळी करीन."

दाजींनी रक्ताळलेलं तोंड वर केलं. "खरंच नेशील?"

वर टोमणे मारतोय मेला. लिफ्टवाल्याने पुन्हा मूठ उगारली, तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली.

ताई आत आली. तिने भाजीची पिशवी शांतपणे खाली ठेवली, खोलीभर पसरलेले ठोकळे पाहिले आणि दाराला आतून कडी घातली.

दाजी रांगत रांगत पुढे आले, आणि लिफ्टवाल्याचे पाय घट्ट धरून त्याच्या मागे लपले.