मुठीतलं मीठ
मिठाच्या ढिगावर सांडलेलं रक्त पसरत नव्हतं, जागीच मुरत होतं. काशीबाईच्या धनेशने त्याला पकडायला आलेल्या पेणच्या एका हवालदाराच्या डोक्यात फावडं घातलं होतं. परदेशातल्या इस्पितळाचे कॉम्प्युटर धनेशने घरबसल्या बंद पाडले, पेशंट दगावले, असा आरोप होता. तो देश त्याला खटल्यासाठी मागत होता. मुठीत मीठ धरून त्याने आईला सांगितलं होतं, "मी नाय केलं, आये." मिठागरात अशी शपथ कुणी खोटी घेत नाही, म्हणून तिने त्याला इथे लपवलं. "आपल्या पोराचा न्याय आपल्याच कोर्टात!" जमलेलं गाव ओरडलं. धनेशने फावडं पुन्हा उगारलं. "इस्पितळातले मेले ते कमी झाले काय?" दुसरा हवालदार किंचाळला. "ते मला दिसले तरी का?" धनेश हसला. काशीबाईने फावडं हिसकावलं. "न्या ह्याला तिकडं, साहेब. ज्यांची माणसं मेली त्यांच्या डोळ्यांसमोर उभा करा."