स्वच्छ आवाज

मोठ्या कंपन्यांनी बोलणं जवळजवळ फुकट केल्यापासून भूपेंद्र पाटलाच्या चिमुकल्या इंटरनेट टेलिफोन कंपनीकडे विकण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे स्वच्छ आवाज. पर्वत पाटिया भागातल्या एका खोलीत बसून तो दिवसभर हा आवाज घासूनपुसून लख्ख करायचा. तरीही त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक, कडोदऱ्याचे कापड विणणारे लूमवाले सुकदेवआप्पा, कनेक्शन तोडायचं म्हणून समोर येऊन बसले.

"आप्पा, आवाजात काही खोट आहे का?"

"खोट नाही, तीच तर भानगड शे भाऊ. लूमच्या मधोमध उभा राहून बोलतो, तरी समोरच्याला खटखट ऐकू जात नाही. काल इंदूरचा व्यापारी विचारतो, 'लूम बंद कर दिये क्या?' आणि ऑर्डर रोखून बसला ना."

भूपेंद्रने आप्पांच्या कनेक्शनवरची खटखट गाळणारी सोय बंद केली. आप्पांनी कारखान्यात जाऊन इंदूरला फोन लावला आणि घसा फोडून दोन वाक्यं बोलले. ऑर्डर सुटली, कनेक्शन टिकलं.

बाजारात गोष्टी लपत नाहीत. दुसऱ्याच आठवड्यात एक कापडदलाल नवं कनेक्शन मागायला आला.

"लूम किती आहेत तुमचे?" भूपेंद्रने विचारलं.

"एकही नाही," दलाल खुर्ची पुढे ओढत म्हणाला, "म्हणून तर तुमच्याकडे आलो."

भूपेंद्रने समाधानाने दोन चहा सांगितले.

"बारा लूमची खटखट टाकू, की चोवीस लूमची?"