पुन्हा बांधलेल्या लेस

"कोणाच्या भरवशावर ठेवू नकोस गं पोरीला. फुटबॉलची प्रॅक्टिस सुटायच्या आधी मैदानावर पोचत जा," असं खालच्या क्वार्टरमधल्या कमलताई म्हणाल्या, तेव्हा शमिका हसली होती.

"अहो ताई, या हिंदी गावात कोच विक्रांत सर तरी आपलेच आहेत. नागपूरचे. गणपतीत मुलांचं लेझीम तेच बसवतात."

"आपलेच म्हणून तर कोणी विचारत नाही," ताई म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या.

आज ऑफिस लवकर सुटलं. शमिका शिवाजी नगरच्या मैदानावर पोचली, तेव्हा शिट्टी व्हायची होती. एरवी ती येईपर्यंत जुई फाटकाशी उभी असायची.

शिट्टी झाली. मुलं कठड्यापाशी आली, पाणी प्यायली, बॅगा उचलल्या आणि खाली बसली. घरी जायची घाई कोणालाच दिसेना. बाहेर हॉर्न वाजत होते.

"प्रतीक, अरे चल ना बाळा!" त्याचे आजोबा स्कूटरवरून ओरडले. "रोज काय एवढं बांधत बसतोस? लग्नाला निघालायस का?"

"दो मिनिट, आजोबा! लेस!"

प्रतीकने बांधलेली लेस सोडली आणि परत बांधायला घेतली. त्याच्या शेजारी जुईचंही तेच चाललं होतं. गोलकीपर चिन्मय तेवढा उभा होता. त्याने हातमोजे काढले नव्हते.

"बांधलीय की गं," शमिका म्हणाली. "चल."

जुईने मान वर केली नाही. "चिन्मयचे बाबा नाही आले अजून."

"मग? सर आहेत ना."

जुईने बांधलेली लेस पुन्हा सोडली.

"अरे वा, वहिनी! आज स्वारी लवकर?" विक्रांत सर शिट्टीची दोरी बोटाभोवती गुंडाळत आले. हसतमुख माणूस. "न्या जुईला. चिन्मयला मी सोडतो, त्यांचं घर बाग सेवनियाला, माझ्या रस्त्यावरच पडतं. त्याचं गोलमधलं डायव्हिंग जरा कच्चं आहे, थोडं करून घेतो एकट्याचं."

सगळी मुलं एकदम आपापल्या बुटांवर वाकली.

शमिकाने त्या वाकलेल्या माना पाहिल्या.

"चिन्मयला आम्ही सोडू," ती म्हणाली.

"अहो, कशाला त्रास? हेमंतभाऊंनी मलाच सांगून ठेवलंय. आपल्या माणसांत कसली फॉर्मॅलिटी?"

"मग ते येईपर्यंत बसतो आम्ही."

ती कठड्यावर बसली. चिन्मयला तिने आपल्या पलीकडे बसायला जागा केली आणि त्याच्या बाबांना, हेमंतला, फोन लावला.

"अहो, पण सर सोडतात की त्याला," पलीकडून आवाज आला. "आपलेच आहेत ते."

"तुम्ही या," शमिका म्हणाली. "आत्ता या."

"तुमच्यासारख्या आयांमुळेच पोरं बुजरी होतात, वहिनी," असं म्हणून सर हसले आणि मैदानात मांडलेले प्लॅस्टिकचे कोन गोळा करायला गेले. ते लांब गेल्यावर शमिकाने हळूच विचारलं, "जुई, मंगळवारी तुमच्या शाळेची ट्रिप होती ना? तेव्हा इथे कोण होतं?"

"आमच्यापैकी कोणीच नाही."

"चिन्मय?"

"त्याची शाळा वेगळी आहे ना. तो आला होता."

प्रतीकने लेस इतकी घट्ट ओढली की त्याची बोटं पांढरी पडली. चिन्मय मैदानाकडे पाठ करून बसला होता.

हेमंत टी. टी. नगरच्या ऑफिसातून तसाच आला, गळ्यातलं ओळखपत्रही न काढता. "काय झालं काय एवढं? मीटिंग सोडून आलो मी!"

शमिका त्याला बाजूला घेऊन गेली. "मला नक्की काही माहीत नाही. पण मुलांना माहीत आहे. याला घरी न्या. ओरडू नका, चार प्रश्न विचारू नका. जवळ बसा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या."

"मुलगा आहे हो तो. त्याला काय..." हेमंतने बोलता बोलता वळून पाहिलं. चिन्मय केव्हाच मोटरसायकलवर मागच्या बाजूला जाऊन बसला होता, हातमोज्यांसकट. पुढचं वाक्य हेमंतने पुरं केलं नाही.

मोटरसायकल वळणाआड गेली आणि मुलं एकदम उठली. आता कोणालाच लेस बांधायची नव्हती.

फाटकातूनच शमिकाने क्लबच्या सेक्रेटरींना फोन केला. ते ऐकून घेता घेता दोनदा हसले. "अरे मैडम, कोच तो अपने बहुत अच्छे हैं. बच्चों का क्या है, कुछ भी सोच लेते हैं. आप सोमवार को आइए, आराम से बैठ के बात करेंगे."

"सोमवारी या म्हणतात," फोन ठेवून शमिका म्हणाली.

"आई," जुई म्हणाली, "पण शनिवारी छोट्यांची बॅच असते. पहिली-दुसरीतली."

"हं."

"त्यांच्या बुटांना लेस नसतात. वेल्क्रो असतो. एकदा दाबला की लागतो."

शनिवारी शमिका पुढच्या फाटकाशी उभी असेल. पण या मैदानाला मागेही एक फाटक आहे, क्वार्टर्सच्या बाजूला, आणि सरांची गाडी तिथेच लागते. तुम्ही तिकडून जाणार असाल, तर जरा थांबाल? शेवटचं मूल कोणाबरोबर निघतंय, तेवढं बघा.